भेजा खाऊन पाचवी

तमाम वाचकांस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने वयाच्या दहाव्या वर्षी, केवळ विद्याप्राप्तीसाठी, बोकडांच्या एका अख्ख्या कळपाचे मेंदू खाल्लेले आहेत. कळपात नेमके किती बोकड होते ते सांगता येणार नाही, कारण मोजण्याची शुद्ध मला राहिली नव्हती. कुणाला शांतता पाळायची असेल तर ती बोकडांसाठी पाळावी. आणि जेवता जेवता वाचायची सवय असेल, तर कृपा करून ताट आत्ताच बाजूला सारावं. मागाहून माझ्या नावाने खडे फोडू नयेत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही घाटकोपरला, टेकडीच्या उतारावरच्या बैठ्या चाळीत राहायचो. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि ते अंधेरीला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये चिकटले होते. घरात आई, बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्या मरोळला औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायची. तेवढ्या पुण्याईवर ती आमच्या घराची डॉक्टर झाली होती. कुणी नुसतं शिंकलं तरी ती "आमच्या कंपनीत..." अशी सुरुवात करायची, आणि आई लगेच भांडी जोरात आपटून घासायला लागायची.

मी चौथी पास होणार होते. आमची महापालिकेची शाळा चौथीलाच संपायची. पुढची शाळा हायवेच्या पलीकडे, मुलामुलींची एकत्र. तिथे मला घालायला बाबा तयार नव्हते. हायवेवर टँकर धावतात, हे त्यांचं सांगायचं कारण. न सांगायचं कारण पोरगे, हे चाळीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. मग उरला एकच मार्ग. गावी, कोकणात, थोरल्या काकांकडे. तिथल्या शाळेत काकांच्या धाकात जायचं, आणि शाळा नसेल तेव्हा म्हशीकडे बघायचं. काकांची म्हैस मी मे महिन्याच्या सुट्टीत पाहिली होती. तिच्या नाकातून सदैव काहीतरी लोंबत असे आणि ती ते जिभेने आत घेत असे. पुढची सहा वर्षं मी तिच्या सहवासात काढावीत असा घाट घातला जात होता.

सुटकेची एकच फट होती. मुलुंडला मुलींची एक नामांकित शाळा होती. पाचवीपासूनची, फक्त मुलींची, म्हणजे बाबांचा आक्षेप तिथे संपत होता. पण प्रवेश परीक्षा घेऊन, मुलाखत घेऊन, पारखून. भाजीवाल्याकडे गवार निवडतात ना, तशा मुली निवडायच्या. बाबांनी जाहीर केलं, "तिथे नंबर लागला तर राहील. नाय लागला तर जूनमध्ये गावी."

आई देवाकडे वळली. आत्या देवनारकडे वळली.

आत्याचं शास्त्र अगदी सरळ होतं. गुडघे दुखतात? पायाचं सूप प्यावं. रक्त कमी? काळीज खावं. मग डोकं चालायला काय खावं, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? देवनारच्या कत्तलखान्याच्या बाजूला तिच्या ओळखीचा एक खाटीक होता. रविवारी पहाटे ती जायची आणि केळीच्या पानात बांधलेली ओली पुरचुंडी घेऊन यायची. ती पुरचुंडी हातात धरली की थरथरायची. मी शपथेवर सांगते, थरथरायची. आत्या ती परातीत सोडायची, आणि तो प्रकार आरामात पसरून बसायचा, फिकट गुलाबी, वळ्यावळ्यांचा, वर लाल धाग्यांची जाळी. मग मिठाच्या पाण्यात बुचकळून आत्या नखाने त्यावरची पातळ साल सोलायची. साल निघताना आवाज यायचा नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

शिजल्यावर तो पांढरा व्हायचा. तोंडात घातला की चावायला काही लागायचंच नाही. जिभेवर दुसरी एक जीभ येऊन बसावी, गरम, मऊ, बिनहाडाची, आणि तिने हळूच आपल्या टाळूवर टेकावं, असं काहीतरी. गिळावं तर घसरायचा, न गिळावं तर विरघळायचा. दोन्हीकडून माझीच वाट लागायची.

"खा गो बाय," आत्या समोर पाट घेऊन बसायची. "पहिलो नंबर येतलो."

"आत्या, पण बोकडाला कुठे गणित येत होतं?"

"तुका येतला ना!"

"आपल्याला कुठे नेतायत एवढंसुद्धा त्याला कळलं नाही गं. त्याचा मेंदू खाऊन मी काय हुशार होणार?"

यावर आई आतून फिसकन हसायची. आत्या म्हणायची, "बघ, तोंड कसा चालता! लागू पडता औषध."

या वादात आत्याला कुणी हरवू शकत नव्हतं, कारण मी गणितात खरंच बरी होते. ते भेज्याआधीपासून होतं, पण हे कोण ऐकणार? ब्राह्मी तेलाचाही मारा चालू होता. ते इतकं थापायचे की कानामागून ओघळून फ्रॉकच्या कॉलरला हिरवट कड आली होती. दुधात कच्चं अंडं फेटून द्यायची कल्पना शेजारणीची. ते मी एकदाच प्यायले, आणि ज्या वेगाने प्यायले त्याच वेगाने परत केलं, शेजारणीच्याच ओट्यावर. ती कल्पना तिथेच संपली.

परीक्षा एप्रिलमधल्या एका सोमवारी होती. शाळेबद्दल आईने इकडून-तिकडून बरीच माहिती काढली होती. सकाळी पेपर, मग मधली सुट्टी, मग आईवडिलांसकट मुलाखत. शाळा चालवणारी मंडळी कडक शाकाहारी. "डबेसुद्धा बघतात म्हणे," आईने बजावलं. "डबा मी भरणार. पोळी आणि बटाट्याची भाजी. वन्सं, तुम्ही त्यात पडू नका. आणि सोमवार आहे."

"मी खय काय बोललंय?" आत्या म्हणाली. तिने इतक्या निमूटपणे ऐकलं, तिथेच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

आता एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडे सोमवार म्हणजे शंकराचा वार, त्या दिवशी चुलीवर वशाट, म्हणजे मासमटण, चढत नाही. पण आत्याच्या मते औषधाचा शेवटचा डोस ऐन परीक्षेच्या दिवशी चुकवणं म्हणजे सगळा कळप फुकट गेला. तेव्हा तिने देवाशी परस्पर तडजोड केली. शिजवायचं रविवारी. सोमवारी फक्त खायचं. चुलीचा आणि सोमवारचा संबंध आला नाही, म्हणजे देवाची काही तक्रार नाही. आणि शाळेची तक्रार येऊ नये म्हणून तिने तो भेजा कांदाखोबऱ्याच्या आमच्या वाटणात शिजवलाच नाही. मोहरी, हिंग, हळद, गोडा मसाला, चिमूटभर साखर, वर कोथिंबीर. "त्यांच्यासारखो" केला. मग कुस्करून आईच्या बटाट्याच्या भाजीत बेमालूम मिसळून टाकला. हे सगळं अर्थात मला नंतर कळलं. कंपनीत खाडा करून, नवं लुगडं नेसून, आत्या आमच्याबरोबर मुलुंडला आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पुजाऱ्याचं समाधान होतं.

शाळेच्या फाटकातच एका तरुण बाईंनी आम्हा मुलींना रांगेत उभं केलं. पहिली परीक्षा उवांची. बाईंच्या हातात एक शिसपेन्सिल होती. त्या पेन्सिलीने प्रत्येकीच्या केसांत भांग पाडून बघायच्या आणि पेन्सिल रुमालाला पुसून पुढच्या डोक्यात घालायच्या. त्या रुमालावर काय काय जमा झालं होतं ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. माझ्या डोक्यात पेन्सिल घातली तर ती तेलात रुतली. बाईंनी ती बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं, आणि रुमालाचा दुसरा कोपरा शोधू लागल्या. पण पास केलं. त्या तेलात उवा जगणं शक्यच नव्हतं.

पेपर सोपा होता. मराठी, सामान्यज्ञान, गणित. गणित तर मी वेळेआधीच सोडवून, खिडकीबाहेर फाटकापाशी उभ्या असलेल्या बाबांकडे बघत बसले. ते उसना सफारी घालून आले होते. त्याच्या बाह्या त्यांना आखूड होत होत्या, म्हणून ते हात सतत मागे बांधून उभे होते, स्वातंत्र्यदिनाला उभे राहतात तसे.

मग मधली सुट्टी. व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. तरुण बाईंनी गोल करून बसवलं आणि सांगितलं, "आपल्या शाळेत एकटीने डबा खायचा नाही. एकेकीने पाळीने आपला डबा उघडून उजवीकडे द्यायचा, डावीकडून आलेल्या डब्यातला एक घास घ्यायचा. सगळ्यांचं सगळ्यांनी."

ही त्या शाळेची पद्धत होती, आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः त्या गोलात बसून मुली कशा खातात ते बघायच्या. मोठ्या बाई पांढऱ्या इस्त्रीच्या साडीत, इतक्या स्वच्छ की आपण श्वास सोडला तर त्यांच्यावर डाग पडेल असं वाटावं. त्या नेमक्या माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या.

डावीकडून डबे येऊ लागले. परमेश्वरा! शाकाहारी लोकांच्या सोज्वळपणावर माझा तोवर विश्वास होता. भेंडी आली, तिला इतक्या तारा सुटलेल्या की चमचा उचलला तरी ती डब्याला सोडेना. दुधी आला, पांढरा, पाणी सुटलेला, कुणीतरी आधी चावून ठेवल्यासारखा. साबुदाण्याचा गोळा आला, त्याच्या पोटात अर्धा दाणा आणि दाण्यावर कुणाचे तरी दात. प्रत्येक चमचा आधीच्या तोंडातून आलेला. नाक न मुरडता मी एकेक घास घेतला, कारण समोर म्हैस दिसत होती.

मग माझा डबा उघडायची वेळ आली. मी झाकण काढलं. पिवळी भाजी, वर कोथिंबीर. हिंगाचा वास. छान. मी आधी माझा घास घेतला.

आणि जिभेवर ती दुसरी जीभ येऊन बसली.

चूक होणं शक्यच नव्हतं. इतक्या रविवारांची ओळख होती. रात्रभर एप्रिलच्या उकाड्यात राहिल्याने तिला आता एक आंबूस धारही आली होती. मी घास गालात धरून बसले. तोवर शिस्तीप्रमाणे माझा डबा उजवीकडे गेलासुद्धा होता.

मोठ्या बाईंनी तो हातात घेतला, वास घेतला. "वा. गोडा मसाला का?" त्या हसून म्हणाल्या. "बटाटा किती मऊ शिजलाय."

त्यांनी चमचा भरला.

त्या चमच्यावर माझी पुढची सहा वर्षं थरथरत होती, अगदी खरोखर, पुरचुंडी थरथरायची तशी. गप्प बसले असते तर काय झालं असतं? काही नाही. बाईंनी खाल्लं असतं, बटाट्याचं कौतुक केलं असतं, मला प्रवेश मिळाला असता. बोलले तर म्हैस. एवढा हिशेब मला त्या वयात येत होता. पण ती पांढरी साडी, ते स्वच्छ दात, आणि त्यांच्यावर आता ते जाऊन टेकणार, घसरणार, विरघळणार, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि माझ्या पोटातून सगळी भेंडी, दुधी, साबुदाणा वर उसळला.

मी घास तळहातावर थुंकला आणि किंचाळले, "खाऊ नका बाई! बोकडाचा भेजा आहे!"

चमचा ओठांपासून बोटभर अंतरावर थांबला. मग तरुण बाई, ज्यांनी माझ्या डब्याला हातसुद्धा लावला नव्हता, त्या तोंडावर रुमाल धरून मोरीकडे धावल्या. तोच रुमाल. बिचाऱ्यांना मोरीत पोचेपर्यंत ते आठवलं असावं, कारण आतून आलेला आवाज मी आजवर कुठल्याही नाटकात ऐकलेला नाही.

पाच-दहा मिनिटांत आई, बाबा आणि मी मोठ्या बाईंच्या खोलीत होतो. आत्याला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून ती दारात उभी होती. टेबलावर माझा डबा, झाकण घट्ट लावून, वर एक जाड पुस्तक ठेवलेलं. जणू तो पळून जाणार होता.

"हे काय आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

आईने डब्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. तिला एका क्षणात सगळं उमगलं. बाबांना काहीच उमगलं नव्हतं, पण बोलायला तेच लागले. हात मागून पुढे आले, आखूड बाह्यांतून मनगटं बाहेर आली.

"मॅडम, आमच्याकडे चालतच नाही हे. आम्ही खात नाही. आम्ही... माळकरी. शेजाऱ्यांनी दिलं असेल मॅडम. शेजारी तसले आहेत. आम्हाला स्वतःला वासही सहन होत नाही."

बोलता बोलता त्यांनी तोंडसुद्धा वेडंवाकडं केलं, वास आल्यासारखं. रविवारी रस्सा संपल्यावर पातेल्याला पोळी फिरवून खाणारा माझा बाप. कोलंबीच्या डोक्यांसाठी माझ्याशी भांडणारा. मी खूप भेजे गिळले, पण त्या दुपारी मला जी किळस आली तिची सर एकाही भेज्याला नव्हती. भेज्याला निदान पाण्याने खाली ढकलता यायचं. बाबा "मॅडम, मॅडम" करत होते, आणि मी माझ्या चपलांकडे बघत होते. आई तर खिडकीबाहेर एकही पक्षी नसताना पक्षी बघत होती.

"शेजाऱ्यांनी?" दारातून आवाज आला. "रे मेल्या, शेजाऱ्यांनी?"

"ताई, तू गप ऱ्हव..."

"कित्याक गप ऱ्हव? पहाटे उठान देवनाराक मी गेल्लंय, तुझो शेजारी नाय!" आत्या आत आलीच. पदर खोचला आणि मोठ्या बाईंकडे वळून, शुद्ध बोलायचा जिवाच्या करारावर प्रयत्न करत म्हणाली, "बाई, मी घातला. आम्ही सगळे खातो, हा पण खातो, ताटभर खातो. पोरीची काही चुकी नाही, तिला ठाऊक पण नव्हतं. माझी शाळा चौथीला बंद केली. हिची होऊ नये म्हणून म्हटलं, डोकं चालायला हवं. आमच्या कंपनीत..."

"वन्सं," आई म्हणाली, "कंपनी नको."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू बोलली नसतीस तर मला कळलंही नसतं. मग का बोललीस?"

मोठं काहीतरी सांगावं, खरं बोलावं वगैरे, असं मनात आलं खरं. पण तोंडातून जे खरं होतं तेच निघालं. "मला बघवेना बाई. ते खूप घाण लागतं."

आत्याने माझ्याकडे असं बघितलं, की खाटकाने बोकडाकडेही कधी बघितलं नसेल.

मोठ्या बाई टेबलाकडे वळल्या. त्यांच्या हाताशी तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा होता. त्यांनी माझा शोधला, मराठीचं पान भरभर उलटलं, गणिताच्या पानावर थांबल्या. शेवटपर्यंत बोट फिरवत आल्या. मग पुन्हा वरून सुरुवात केली. चूक सापडत नाही म्हणून त्या शोधत आहेत हे मला कळलं, आणि बाबांना कळलं, आणि आत्याला तर असं कळलं की तिची मान दोन इंच वर गेली.

"जूनपासून पाठवा," मोठ्या बाई अखेर म्हणाल्या. "डबा आईने भरायचा. आणि तिच्या डोक्यावरचं ते तेल कमी करा, पेपरला डाग पडलेत."

बाबा पुन्हा "मॅडम, मॅडम" करत पाठमोरे न होता दारापर्यंत गेले. आई त्यांच्या मागून, त्यांच्या सफारीचा कोपरा चिमटीत धरून त्यांना बाहेर ओढत. मी आत्याच्या बोटाला धरून सगळ्यांत शेवटी. आत्याने टेबलावरचं पुस्तक बाजूला करून डबा उचलला, आपल्या पिशवीत घातला. आम्ही उंबरठ्यावर पोचलो तेवढ्यात मागून "अहो, ऐका जरा" अशी हाक आली. मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या होत्या. त्यांनी पंख्याखाली फडफडणारा पदर सावरला, व्हरांड्यात कुणी नाही ना हे बघितलं, चेहऱ्यावर जगातली सगळी किळस आणली, आणि आत्याला हळू आवाजात विचारलं, "आमचा नातू सातवीला दुसऱ्यांदा बसलाय... ह्याने गणितात खरंच फरक पडतो का हो?"